प्राचित : एका शब्दाची वाट, पैठणपासून आपल्या पंगतीपर्यंत



शताब्दी अंकासाठी जुन्या आठवणी गोळा करायला आम्ही गावोगाव फिरलो. कुणी पहिल्या विणेकऱ्याची गोष्ट सांगितली, कुणी नदीला पूर आला तेव्हा पताका डोक्याला बांधून दिंडी कशी उतरली ते सांगितलं. सगळं लिहून घेतलं. एका वस्तीत मात्र एक म्हाताऱ्या माउली बराच वेळ गप्प बसल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "शंभर वर्षांचा इतिहास लिहायलाव म्हणता, चांगलं हाय. पण आमची पंगत येगळी बसायची ते बी लिव्हा. आन् त्याचं प्राचित कुणी घेतलं का न्हाई, ते बी लिव्हा."

त्या रागावून बोलल्या नाहीत. चहाचा कप उचलता उचलता बोलल्या. पण तो एक शब्द आमच्यासोबत घरापर्यंत आला आणि पुढं कितीतरी दिवस गेला नाही. प्राचित म्हणजे काय? कुणी घ्यायचं? कुणी द्यायचं? आपल्या संप्रदायात त्याला जागा आहे का? या प्रश्नांची उत्तरं शोधताना जे हाती लागलं ते इथं मांडतो. चुकलं असेल तर थोरांनी कान धरावा.

शब्द आणि त्याचं गोत

पोथीतला शब्द ‘प्रायश्चित्त’. जुन्या शास्त्रकारांनी त्याची फोड अशी केली आहे : प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय. तपाने केलेला निश्चय ते प्रायश्चित्त. आपल्या तोंडात तो घासून घासून ‘प्राचित’ झाला, कुठं ‘पराश्चित’ झाला. विठ्ठलाचा इठ्ठल झाला तसाच.

त्याच्या शेजारी आणखी दोन शब्द ठेवून पाहू. एक तप, दुसरा अनुताप. दोन्हींच्या पोटात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आच. तप म्हणजे माणूस ठरवून अंगाला लावून घेतो ती आच. अनुताप म्हणजे कर्म होऊन गेल्यावर मागाहून आतून लागते ती. पश्चात्ताप हा त्याचाच भाऊ. गावाकडं आपण ‘पस्तावा’ म्हणतो. तप करायला जागा, वेळ, नेम लागतो. अनुतापाला काही लागत नाही, तो रात्री दोन वाजता गोधडीतही गाठतो.

आपल्या मराठवाड्याच्या बोलीत आणखी शब्द आहेत. ‘तोबा केली’ असं आपण सहज म्हणतो. तो मुसलमान बांधवांचा शब्द, अर्थ पाप सोडून मागं फिरणं. ‘कानाला खडा लावला’ म्हणतो, म्हणजे पुन्हा असं करणार नाही. आणि ‘फेडणे’ तर रोजचाच. नवस फेडायचा, कर्ज फेडायचं, पापही फेडायचं. या शेवटच्या शब्दानं मात्र एक घोटाळा केला आहे. पाप म्हणजे सावकाराचं देणं, तेवढी रक्कम भरली की खातं बंद, असं आपल्या मनात बसलं. तो घोटाळा पुढं येईलच.

नांदेडचा ‘तनखा’

नांदेडला जाऊन प्रायश्चित्ताबद्दल बोलायचं आणि सचखंड हुजूर साहिबाचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. गुरू गोविंदसिंहजींनी 1708 साली गोदाकाठी इथंच देह ठेवला. शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी हे एक तख्त आपल्या दारात आहे. आणि आपल्या नामदेवरायांची 61 पदं त्यांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं.

शिखांमध्ये नेम मोडणाऱ्याला जे प्रायश्चित्त दिलं जातं त्याला ‘तनखाह’ म्हणतात, आणि ज्याला ते लागू झालं तो ‘तनखाहिया’. मूळ फारसी शब्दाचा अर्थ पगार. आपल्याकडंही जुनी माणसं पगाराला ‘तनखा’ म्हणायची. एकच शब्द, इकडं कामाचा मोबदला आणि तिकडं चुकीचं प्रायश्चित्त! पण खोलात गेलं की अर्थ जुळतो. तिथली तनखाह बहुतेक वेळा सेवाच असते. लंगरातली भांडी घासायची, संगतीचे जोडे पुसायचे, फरशी धुवायची, पाठ करायचा. चूक संगतीसमोर कबूल करायची, हात जोडून शिक्षा मागायची आणि सेवा झाली की पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीनं पंगतीत बसायचं.

यातून कुणी सुटत नाही. महाराजा रणजितसिंहांना अकाल तख्तानं बोलावून घेतलं होतं, अकाली फुलासिंह तेव्हा तिथं प्रमुख होते. पंजाबचा धनी संगतीसमोर हात जोडून उभा राहिला, कोरडे खायला पाठ पुढं केली. त्याची ती नम्रता पाहून संगतीनं त्याला माफ केलं, असं सांगतात. त्याच रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची इमारत बांधवून घेतली. खुद्द गुरू गोविंदसिंहजी दक्षिणेकडं येताना वाटेत दादूंच्या समाधीला त्यांनी बाणानं नमस्कार केला. शिष्यांनी हटकलं, "समाधी पुजायची नाही असं तुम्हीच शिकवलंत." गुरूंनी आनंदानं दंड भरला, शिष्य जागे आहेत की नाहीत हेच पाहायचं होतं म्हणाले. ही शीख परंपरेतली गोष्ट आहे. गुरूला शिष्यानं हटकावं आणि गुरूनं मानावं, ही गोष्ट दिंडीतल्या आम्हा सगळ्यांनाच विचार करायला लावणारी आहे.

शास्त्राची तागडी

आता आपल्या शास्त्राकडं येऊ. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. म्हणजे ग्रंथाचा एक पुरा अध्याय यावरच. या स्मृतीवरची सगळ्यांत गाजलेली टीका ‘मिताक्षरा’. ती विज्ञानेश्वरांनी लिहिली कल्याणीत, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, म्हणजे 1076 ते 1126 या पन्नास वर्षांत. हे कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, आपल्या निलंगा-उमरग्याच्या शिवेपलीकडं. देशभर ज्या ग्रंथावरून पापाची तागडी लावली गेली, तो ग्रंथ आपल्या उशाला लिहिला गेला. आणि त्याच कल्याणीत पुढं महात्मा बसवेश्वरांनी कष्टालाच पूजा ठरवलं, हेही विसरू नये.

शास्त्रात प्रायश्चित्तांचे प्रकार पुष्कळ. ‘चांद्रायण’ म्हणजे चंद्राबरोबर घास वाढवायचे आणि कमी करायचे, पौर्णिमेला पंधरा आणि अवसेला निरंकार. ‘कृच्छ्र’ बारा दिवसांचं : तीन दिवस फक्त सकाळी, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच आणि तीन दिवस काहीच नाही. ‘पराक’ म्हणजे बारा दिवस कडक उपास. त्यात दयाही होती. ऐंशी वर्षांवरचा म्हातारा, सोळा वर्षांखालचं पोर, बाई आणि आजारी माणूस यांना निम्मंच प्रायश्चित्त सांगितलं आहे. आणि मनुस्मृतीतही आधी कबुली आणि पस्तावाच येतो. पाप बोलून दाखवावं, त्यानं मन पोळावं आणि ‘पुन्हा करणार नाही’ म्हणून थांबावं, म्हणजे माणूस शुद्ध होतो. आपल्या कानाच्या खड्याला शास्त्राचा असा आधार आहे.

मग बिघडलं कुठं? एक, ज्याला उपास झेपत नाही त्याच्यासाठी पर्याय काढला. एका कृच्छ्राबदली एक गाय द्यावी, गाय नसेल तर तिची किंमत द्यावी. त्याला ‘प्रत्याम्नाय’ म्हणतात. पर्याय दुबळ्यासाठी होता, पण वापरला पैसेवाल्यानं. दोन, तागडी कुणाच्या हाती, हा प्रश्न. तोलणाराच पाप ठरवणार, तोच किंमत ठरवणार आणि दान घेणाराही त्याच्याच गोतातला.

आणखी एक शब्द पाहा. आज आपण नवरा-बायकोच्या फारकतीला ‘घटस्फोट’ म्हणतो. शास्त्रात घटस्फोट हा माणूस जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. पतित माणूस जिवंत असतानाच त्याच्या नावानं पाण्याचा घडा लाथेनं पालथा घालायचा, मेलेल्याचं करतात तसं सगळं करायचं आणि त्याच्याशी बोलणं-बसणं तोडायचं. प्रायश्चित्त म्हणजे या तुटलेल्या माणसाला परत आणायचं दार. दार म्हणून त्याचा उपयोगही झाला. दिल्लीला नेऊन मुसलमान केलेले नेताजी पालकर 1676 साली परत आले, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्यांना प्रायश्चित्त देऊन आपल्यात घेतलं. राजाचं मन मोठं असेल तर दार उघडतं. मन लहान असेल तर तेच दार भिंत होतं. ती भिंत ज्यांच्या कपाळी आली, त्यांच्या दिंडीत आपण चालतो.

आपेगाव, आळंदी, पैठण

विठ्ठलपंत आपेगावचे, पैठणजवळचे, म्हणजे आपल्या गोदाकाठचेच. काशीत संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेनं परत संसारात आले आणि आळंदीत वाळीत पडले. संन्यासातून खाली आलेल्याला शास्त्र ‘आरूढपतित’ म्हणतं आणि त्याला प्रायश्चित्तच नाही असा शास्त्रींचा निवाडा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चार लेकरांना तरी जातीत घ्या म्हणून त्यांनी पदर पसरला. देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. आईबाप लेकरांना झोपलेलं सोडून निघाले आणि प्रयागला गंगेत देह सोडला, अशी परंपरा सांगते.

बघा, इथं शब्दाचं काय झालं! जो शब्द माणसाला परत आणण्यासाठी होता, त्यानंच दोन माणसं पाण्यात बुडवली. आणि एवढं करूनही लेकरांना शुद्धिपत्र मिळालं नाहीच. त्यासाठी त्यांना आळंदीहून पैठणला चालत यावं लागलं, धर्मसभेपुढं उभं राहावं लागलं. रेड्यामुखी वेद ही गोष्ट त्या सभेतलीच. ती आपण कीर्तनात ऐकतो आणि टाळी वाजवतो. पण चार अनाथ पोरं आपण शुद्ध असल्याचा कागद मागत दारोदार हिंडत होती, हे ऐकताना टाळी वाजत नाही.

त्या पोरांतल्या एकानं पुढं शके 1212, म्हणजे 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. सतराव्या अध्यायात तपाचं प्रकरण येतं. देहाला पिळून, जाळून केलेल्या घोर तपाला गीतेनंच आसुरी म्हटलं आहे. खरं तप तीन ठिकाणचं : देहाचं, वाणीचं आणि मनाचं. माउलींनी ते सोपं करून लोकांच्या हाती दिलं. आणि ग्रंथाच्या शेवटी देवाकडं काय मागितलं? ज्यांनी आईबापाला देहान्त सांगितला त्यांचा नाश मागितला नाही. दुष्टांचं वाकडेपण तेवढं जावं, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी आणि जिवाजिवाची मैत्री व्हावी, एवढंच मागितलं. आम्हाला वाटतं, वारकरी पंथाचं प्रायश्चित्त इथं सुरू झालं. शिक्षा मागितली नाही, मन बदलण्याचं दान मागितलं.

हत्तीची अंघोळ

भागवताच्या सहाव्या स्कंधात परीक्षित राजा शुकाचार्यांना एक सवाल टाकतो. पाप आहे हे ठाऊक असून माणूस करतो, प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच करतो. मग ही हत्तीची अंघोळ झाली. हत्ती डोहात न्हातो आणि काठावर येताच सोंडेनं धूळ अंगावर घेतो. शुकाचार्य राजाचं म्हणणं उडवून लावत नाहीत. ते म्हणतात, खरं प्रायश्चित्त म्हणजे विचार. आणि मग अजामिळाची कथा सांगतात, जी आपल्याकडं सप्ताहात हमखास होते. पोराला हाक मारताना नारायणाचं नाव तोंडी आलं आणि तो वाचला. पण कथा तिथं संपत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. यमदूत गेल्यावर अजामिळ उठतो, आपलं सगळं आयुष्य आठवून हळहळतो, घर सोडून हरिद्वारी जातो आणि उरलेलं आयुष्य भजनात घालवतो. नामानं दार उघडलं, पण आत पाऊल त्यालाच टाकावं लागलं.

नाथबाबांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, ती 1573 साली काशीत पुरी झाली. पण नाथांचं खरं भाष्य त्यांच्या पैठणच्या वागण्यात आहे. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दारातल्या अस्पृश्य माणसांना वाढला, तेव्हा गाव उलटलं. एका माणसाच्या हातून ब्रह्महत्या झाली होती. तो आपलं पाप मोठ्यानं सांगत, रडत रडत गावोगाव फिरत होता. कुणी दारात उभं करीना. नाथांनी त्याला नाम दिलं, पंगतीला घेतलं. शास्त्री म्हणाले, हा शुद्ध झाला याला पुरावा काय? तेव्हा दगडाच्या नंदीनं त्याच्या हातचा चारा खाल्ला, असं कीर्तनात सांगतात. आम्हाला यातला नंदी जितका महत्त्वाचा वाटतो, तितकीच ती पंगत. नाथांनी पुरावा मागितला नाही, आधी ताट वाढलं.

न्यायाधीशाच्या अंगाची आग

तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या वाघोलीच्या रामेश्वर भटांनी. तुकोबा इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या तरल्या, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. त्याच कथेचा दुसरा अर्धा भाग आमच्या विषयाचा आहे. रामेश्वर भटांनी अनगडशहा फकिराच्या जागेतल्या पाण्यात अंघोळ केली आणि त्यांच्या अंगाची आग आग झाली. ओला कपडा अंगावर घेतला तरी थांबेना. ते आळंदीला माउलींच्या समाधीपाशी बसले. तिथं कळलं, आग बाहेरची नाही, संताची निंदा केली तिची आहे. मग ते तुकोबांना शरण गेले, त्यांची आग निवली आणि पुढं तेच तुकोबांचे शिष्य होऊन त्यांच्या कीर्तनात उभे राहिले. तुकोबांची आरतीही त्यांनी रचली.

तप आणि अनुताप या दोन शब्दांत एकच आच आहे, असं वर म्हटलं ते इथं दिसतं. शास्त्र जाणणारा हा माणूस दुसऱ्याला प्रायश्चित्त सांगत होता, आच त्याच्याच अंगाला लागली. त्यानं गोदान केलं नाही की चांद्रायण केलं नाही. ज्याचं वाईट केलं त्याच्याकडं गेला, चूक कबूल केली आणि त्याच्याच मागं टाळ घेऊन उभा राहिला. तुकोबांनीही त्याला लाथाडलं नाही. प्रायश्चित्ताला दोन माणसं लागतात, असं यातून आम्ही शिकलो. एक मागणारा आणि एक जवळ घेणारा.

गावातलं प्राचित

संत होऊन गेले तरी गाव गावच राहिलं. आमच्या आज्या सांगायच्या, दाव्याला बांधलेलं जनावर फास बसून मेलं की धन्यानं तेच दावं गळ्यात अडकवून भीक मागायची. हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहायचं, हे तर अजून चेष्टेत बोलतात. सोन्याचं मांजर परवडणाऱ्यालाच मांजर मारणं परवडतं, असा त्यातला टोमणा. जात-पंचायतीनं वाळीत टाकलेल्या माणसाला परत यायचं तर गोताला जेवण घालावं लागायचं, त्याला ‘भातगोत’ म्हणत. कित्येकांनी त्या जेवणापायी वावर गहाण टाकलं. पाप एका घटकेचं आणि व्याज दोन पिढ्यांचं.

आता हे बेकायदेशीर आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं 2016 साली केला आणि तो जुलै 2017 मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. विठ्ठलपंतांच्या मातीत हा कायदा व्हायला सातशे वर्षं लागली, एवढंच म्हणतो.

‘कुणाचं पाप?’

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं भुईसपाट झाली, सुमारे दहा हजार माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. आमच्यातले काही जण तिसऱ्या दिवशी भाकरीची गाठोडी घेऊन औसा तालुक्यात गेले होते. तिथं सगळ्यांत जास्त ऐकलेला सवाल एकच : "कुणाचं पाप हो महाराज? कशाची ही फेड?"

असा सवाल पूर्वीही झाला होता. 1934 च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना ते पटलं नाही. भूकंपाची कारणं निसर्गात आहेत, देव असा आंधळेपणानं गोरगरिबांना मारत नाही, असं त्यांनी कळवलं. दोघंही थोर, आणि अस्पृश्यता हे पाप, यावर दोघांचं एकमत. तरी आम्ही इथं रवींद्रनाथांच्या बाजूचे. कारण किल्लारीत मेलेल्या पाळण्यातल्या लेकरानं काय पाप केलं होतं? दुःखात पडलेल्या माणसाला ‘तुझंच पाप’ म्हणणं म्हणजे त्याच्या छातीवर आणखी एक धोंडा ठेवणं. आमच्यासोबतच्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं त्या सवालाला एवढंच उत्तर दिलं, "पाप कुणाचं ते इठ्ठलाला ठावं. आपल्याला भाकरी वाढायचीय. हात धुवा."

म्हणून वारीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलतो. पाय सुजले, फोड आले की लोक म्हणतात, "काय तप करायलाव तुम्ही!" युरोपात एके काळी गुन्ह्याची शिक्षा म्हणून माणसाला लांबच्या यात्रेला पाठवत. आपली वारी तशी नाही. आपण पाप फेडायला जात नाही, माहेरी जातो. माहेरी जाणारीचे पाय दुखतात, पण ते प्रायश्चित्त नसतं. पण एक आहे, माहेरी गेलं की आईसमोर खोटं बोलता येत नाही.

आपली पंगत

आता त्या म्हाताऱ्या माउलींच्या सवालाकडं. आपली दिंडी सुरू झाली तेव्हा नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पंढरपूर इंग्रजी मुलखात. 1911 सालीच बार्शी लाइट रेल्वे लातूरला आली होती, तरी आपले थोर पायीच चालले. मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डूवाडी या वाटेनं अवघी माणसं एका टाळात चालत होती. भजनात भेद नव्हता, हे खरं. पण मुक्कामाला पंगत बसली की वस्तीतल्या घरांची पंगत दूर, झाडाखाली किंवा गोठ्याच्या कडेला. पाणी वरून ओतायचं. हेही खरं. ज्यांनी वाढलं ते आमचे आजे-पणजे, आणि जे दूर बसले त्यांचीही नातवंडं आज दिंडीत आहेत.

पंढरपुरातही तेच होतं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पण त्यांच्या माणसांना आत जाता येत नव्हतं. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं आणि 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. 10 मे ला उपास सुटला आणि देवाचं दार सगळ्यांना मोकळं झालं. गुरुजींनी स्वतः कुणाला दाराबाहेर ठेवलं नव्हतं. तरी समाजाची आच त्यांनी आपल्या पोटाला लावून घेतली. प्रायश्चित्त या शब्दाचा आमच्या माहितीतला हा सगळ्यांत उजळ वापर.

देवळाचं दार 1947 ला उघडलं. आपल्या पंगतीचं अंतर मिटायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. कधी मिटलं हे कुणी नेमकं सांगू शकत नाही, कारण कुणी ठरवून मिटवलंच नाही. एकेक वर्षी एकेक हात पंगत जवळ सरकत गेली आणि एके दिवशी एक झाली. बरं झालं. पण कुणी कधी बोललं नाही, ‘चुकलं’ म्हणालं नाही. शास्त्रानं सांगितलेली पहिली पायरीच राहून गेली.

काही जण बैठकीत म्हणाले, "जुनं कशाला उकरता? ज्यांनी केलं ते गेले. त्यांचं पाप आपण कसं फेडणार?" म्हणणं खोटं नाही. आजोबांचं पाप नातवाला फेडता येत नाही. पण आजोबांची दिंडी आपण वारशानं घेतली, शताब्दीचा मान घेतला, फेटे बांधून घेतले. मानाचा वारसा घ्यायचा आणि चुकीचा सोडायचा, ही वाटणी वारकऱ्याला शोभत नाही. म्हणून हे फेडणं नव्हे, कबूल करणं आहे.

तेव्हा या अंकातून दिंडीच्या वतीनं आम्ही लिहून ठेवतो : आपल्या दिंडीत वस्तीतल्या माउलींची पंगत वेगळी बसवली जात होती. ते चुकलं. विठ्ठलाच्या नावानं चालणाऱ्यांच्या हातून ते घडलं, म्हणून जास्तच चुकलं. आम्ही माफी मागतो.

आणि नांदेडकडून शिकून एक छोटा तनखाही ठरवला आहे. या वर्षीच्या वारीत प्रत्येक मुक्कामाला पाणी वाढण्याचं, पत्रावळी उचलण्याचं आणि भांडी घासण्याचं काम जुन्या मानकरी घरांतल्या मंडळींनी करायचं. जेवण सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी बसायचं. बदली गडी लावायचा नाही, पैसे भरून सुटका नाही. परतीच्या काल्याला पहिली लाही त्या म्हाताऱ्या माउलींच्या हातून घ्यायची.

हे सांगायला आम्ही पुन्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भांडी घासताना राख वापरणार का साबण?" आम्ही म्हणालो, "तुम्ही सांगाल ते." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग मी बी येते बाजूला बसायला. तुमाला नीट घासता येत न्हाईत."

प्रायश्चित्ताला दोन माणसं लागतात म्हणालो, ती अशी.

बोला पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!